शिकाऱ्याची दुर्बीण : किनवटचे रान आणि लातूरचा माळ

दख्खनमधील शिकारीवर जे लेखन झाले, त्यात बंदुकीला मानाचे पान मिळाले आहे. बंदूक किती बोअरची होती, कोणत्या कारखान्याची होती, कितव्या बाराला जनावर पडले, हे तपशील शिकारकथांत भरभरून सापडतात. दुर्बीण मात्र एखाद्या वाक्यात येते आणि निघून जाते. साहेबाने ती डोळ्याला लावली, एवढेच कळते. ती कुठून आली, ती घेताना काय पाहिले, तिच्यातून किती दिसे आणि किती दिसत नसे, याबद्दल लेखक गप्प असतात. खरे पाहता बंदूक उचलण्याआधी जनावर दिसावे लागते. ते नर आहे की मादी, शिंगे केवढी आहेत, त्याच्यामागे झुडपात गुराखी तर नाही ना, हे ठरवण्याचे काम डोळ्याचे आणि दुर्बिणीचे असे.

नांदेड आणि लातूर हे दोन शेजारी जिल्हे या विषयासाठी सोयीचे आहेत. नांदेडच्या उत्तर-पूर्वेला किनवट-माहूरचे सागवानी जंगल आहे. पैनगंगेच्या काठचे हे रान हैदराबाद संस्थानात आदिलाबाद जिल्ह्यात होते; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट नांदेडला जोडले गेले. लातूर हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग. तिथे जंगल नावालाच आहे. बालाघाटचे पठार, मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातील काळी जमीन आणि मध्ये मध्ये मुरमाड माळ. एकीकडे झाडोरा आणि सावली, दुसरीकडे नजर ठरणार नाही असा मोकळा माळ. या दोन प्रदेशांत शिकाऱ्याला एकच दुर्बीण पुरत नसे. चांगली दुर्बीण कोणती, या प्रश्नाचे उत्तर आधी कुठून पाहायचे आहे यावर अवलंबून असते, हे इथला भूगोलच शिकवतो.

शब्द आणि वस्तू

'दुर्बीण' हा शब्द फारसीतून आला. 'दूर' म्हणजे लांबचे आणि 'बीन' म्हणजे पाहणारा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो आहे, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो मराठीत चांगला रुळलेला होता. एका नळीची आणि दोन नळ्यांची, दोन्ही आपल्याला दुर्बीणच. मराठवाड्यातली जुनी माणसे आजही उर्दूच्या वळणाने 'दुरबीन' म्हणतात.

दोन डोळ्यांनी पाहण्याची कल्पना दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ साली हॅन्स लिपरशे या चष्मे करणाऱ्या कारागिराने हॉलंडच्या राज्यसभेकडे आपल्या यंत्राचे एकस्व मागितले. सभेने ते दिले नाही, कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक होती. पण तिने त्याला दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असे यंत्र करायला सांगितले आणि त्याने ते करून दिले. पुढची दोन-अडीचशे वर्षे मात्र दोन नळ्या अचूक समांतर बसवणे हेच अवघड काम राहिले. ते आजही अवघड आहे, आणि स्वस्त दुर्बीण नेमकी तिथेच फसते.

एकोणिसाव्या शतकात लष्करी अधिकारी जी दुर्बीण गळ्यात अडकवत, ती गॅलिलिओच्या पद्धतीची. पुढे बहिर्गोल भिंग, डोळ्याशी अंतर्गोल. प्रतिमा सुलटी आणि उजळ दिसे, पण मोठी होई ती तीन ते पाच पट, आणि दिसणारा गोल अगदी अरुंद. जास्त लांबचे पाहायचे तर पितळी नळ्यांची एकडोळी दुर्बीण उघडून ती दगडावर किंवा गुडघ्यावर टेकवावी लागे. इटालियन भूमापक इग्नाझिओ पोरो याने १८५४ मध्ये त्रिकोणी लोलकांची जोडी वापरून प्रकाशाला वळणे देण्याची युक्ती काढली. प्रकाशाचा मार्ग लांब राहिला आणि नळी आखूड झाली. तरी त्या काळी पुरेशी निर्दोष काच मिळत नव्हती. जर्मनीतील येना गावी ऑटो शॉट याने १८८४ मध्ये काचेचा कारखाना काढला, अर्न्स्ट आबे याने गणित बसवले आणि १८९४ मध्ये झाइस कंपनीच्या लोलकी दुर्बिणी बाजारात आल्या. आज आपण जिला दुर्बीण म्हणतो, तिचा जन्म हा.

छावण्या, रेल्वे आणि हाली सिक्का

या दुर्बिणी मराठवाड्यात पोहोचण्याची वाट छावण्यांतून जात होती. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली चालणाऱ्या हैदराबाद कंटिन्जंटची ठाणी जालना, औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद येथे होती. मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई. लातूरपासून ते फार लांब नाही. हिंगोली तर नांदेडच्या शेजारीच. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तोपर्यंत तिच्या अधिकाऱ्यांना रजेच्या दिवसांत शिकारीसारखा दुसरा विरंगुळा नव्हता. याच फौजेत राहिलेल्या रेजिनाल्ड बर्टन यांनी १९२८ मध्ये दख्खनमधील शिकार आणि वन्यजीवनावर एक सबंध पुस्तक प्रसिद्ध केले.

माल येई तो मुंबईहून. विलायतेतील 'आर्मी अँड नेव्ही' या अधिकाऱ्यांच्या सहकारी भांडाराने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. चष्म्यांसाठी आपल्याला माहीत असलेली लॉरेन्स अँड मेयो ही पेढी १८७७ पासूनची. गेल्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग नांदेडवरून धावू लागला आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरला पोहोचली. मुंबईच्या दुकानातली वस्तू आता पार्सलने तालुक्याच्या गावी येऊ शकत होती.

पण किंमत? इथे संस्थानी गिऱ्हाईकाची एक खास अडचण होती. त्याचा पगार किंवा जहागिरीचे उत्पन्न हाली सिक्क्यात, आणि मुंबईचा दुकानदार मागणार कल्दार रुपया. सात हालीचे सहा कल्दार असा साधारण हिशेब असे. त्यावर संस्थानच्या हद्दीत माल आणताना करोडगिरी म्हणजे जकात. इंग्रज अधिकाऱ्याला जी वस्तू महाग वाटे, ती नांदेडच्या देशमुखाला किंवा उदगीरच्या वकिलाला आणखी महाग पडे. म्हणून दुर्बीण ही घराण्याची वस्तू झाली. बंदूक जशी बापाकडून मुलाकडे जाई तशीच तीही जाई, फरक एवढाच की बंदुकीला परवाना लागे आणि दुर्बिणीला कधीच लागला नाही.

रान वेगळे, काच वेगळी

वाघाच्या शिकारीत दुर्बिणीला फारसे काम नसे. हाका सुरू झाला की हाकारे डबे बडवत रान झोडपत येत आणि मचाणावरच्या माणसासमोर जनावर पन्नास-साठ पावलांवर निघे. तिथे दुर्बीण उचलायला वेळच कुठला? किनवटच्या रानात तिची गरज पडे ती दिवस मावळताना, पाणवठ्यावर. अंधारात सागाच्या बुंध्यामागे उभे आहे ते सांबर की वठलेले खोड, हे ओळखायला आकार फार वाढवून चालत नाही, उजेड हवा असतो.

दुर्बिणीवर ७×५० किंवा ८×३० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट जवळ येते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ७×५० मध्ये तो ७ मिलिमीटरच्या किंचित वर, ८×३० मध्ये पावणेचार. भर उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दुपारी दोन्ही दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. संध्याकाळी तरुण माणसाची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत मोठी होते आणि तेव्हा ७×५० चा मोठा झोत उपयोगी पडतो. वय वाढले की बाहुली तेवढी उघडत नाही. पन्नाशीच्या माणसाने त्या जड दुर्बिणीचे पैसे मोजले तरी त्यातला बराचसा उजेड त्याच्या बुबुळावर आपटून वाया जातो.

लातूरच्या बाजूचे गणित उलटे. तिथे काळवीट आणि माळढोक ही खरी शिकार. दोन्ही मोकळ्यावर राहणारी, दोन्ही कमालीची सावध. पायी चालणारा माणूस अर्ध्या मैलावरून ओळखून ती निघून जात. म्हणून शिकारी बैलगाडीच्या आडोशाने तिरक्या वाटेने, थांबत थांबत जवळ जाई. गाडी ही शेतातली रोजची गोष्ट, तिला जनावर बुजत नसे. त्याआधी कळप लांबून न्याहाळून त्यातला काळा नर हेरायचा, हे दुर्बिणीचे काम. इथे दहा पट दुर्बीण चांगली, असे कोणालाही वाटेल. पण सकाळी दहानंतर काळ्या रानातून ऊन वर उसळू लागते, हवा थरथरते आणि सगळी प्रतिमा पाण्यात पडल्यासारखी हलते. आपल्या भाषेने त्याला मृगजळ हे नाव उगाच दिलेले नाही. दुर्बीण जितकी जास्त पट, तितके मृगजळही मोठे होते. शिवाय हाताचा कंपही तितकाच वाढतो. आठ पटीत शांत दिसणारा नर बारा पटीत नाचू लागतो. जुन्या काळी ८×३० या मापाची एवढी चलती का होती, ते या माळावर उभे राहिले की समजते.

या शिकारीचा परिणाम काय झाला, तेही नोंदवले पाहिजे. अहमदनगर परिसरात एका इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. तेव्हा लोलकी दुर्बीण जन्मायला पाऊणशे वर्षे होती. चांगली दुर्बीण आणि लांब पल्ल्याची रायफल एकत्र आल्यावर माळावरच्या जनावराला उरलेले एकमेव संरक्षण, म्हणजे अंतर, तेही गेले.

आधी कोणाला दिसले?

शिकारवर्णने बारकाईने वाचली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते. जनावर आधी दिसते ते साहेबाबरोबरच्या स्थानिक माणसाला. तो बोट दाखवतो, साहेब दुर्बीण लावतो, आणि मग साहेबालाही दिसते. या माणसाचे नाव बहुधा नसते. तो नुसता 'शिकारी' असतो किंवा 'माग काढणारा'. किनवटच्या बाजूला तो गोंड, कोलाम किंवा आंध असे. लातूर-उस्मानाबादच्या माळावर बहुधा पारधी.

पारध्यांची विद्या काचेची नव्हती. फासे आणि वागुरा घोड्याच्या शेपटीच्या केसांपासून, तातीपासून आणि दोऱ्यांपासून बनत. तित्तर कोणत्या बांधावर पाणी प्यायला उतरतो, काळवीट कोणत्या वाटेने परततो, हे ठाऊक असल्यावर लांबून पाहण्याची गरजच उरत नाही. गाय पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून कळपापर्यंत पोहोचत. बैलगाडीच्या आडून जाण्याची साहेबांची युक्ती याच जातकुळीची. पण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, शिक्का मात्र पुसला गेला नाही. साहेबाची शिकार पुस्तकात गेली आणि पारध्याची शिकार पोलीस ठाण्याच्या वहीत. दोघे एकाच माळावर, एकाच कळपामागे होते.

बंदूक खाली, दुर्बीण वर

दुर्बीण शिकारीपासून सुटी होण्याची प्रक्रिया शिकाऱ्यांनीच सुरू केली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली, तिच्या आरंभीच्या मंडळींत शिकारी बरेच होते. सालिम अलींची सुरुवातही लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या, गळ्यावर पिवळा डाग असलेल्या चिमणीपासून झाली. ते स्वतः पुढे निजामाच्या राज्यात आले. १९३१-३२ मध्ये त्यांनी हैदराबाद संस्थानच्या पक्ष्यांची पाहणी केली आणि तिचे अहवाल सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अशा पाहणीत पक्षी मारून त्यांची कातडी जपली जात. नोंद पक्की करायला बंदूक लागे. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत दुर्बिणी सुधारल्या, सचित्र पुस्तके आली, आणि पक्षी न मारता ओळखता येऊ लागला. मराठी वाचकाला हा प्रवास व्यंकटेश माडगूळकरांच्या लेखनातून परिचित आहे. शिकारीचा नाद असलेला हा लेखक पुढे 'नागझिरा'मध्ये नुसता पाहत बसलेला भेटतो.

कायद्याने हे टप्प्याटप्प्याने झाले. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला म्हणजे शिकार एका दिवसात बंद झाली, असा समज आहे. मूळ कायद्यात काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने देण्याची तरतूद होती. ती गेली १९९१ च्या दुरुस्तीने. आता पिकांची नासाडी किंवा माणसाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच जनावर मारता येते. म्हणजे शिकाऱ्याची दुर्बीण म्हणून आपण जी विकत घेतो, तिच्यामागे आता बंदूक नाही आणि नसावी.

मधल्या काळात दुर्बिणीची टंचाई होती. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या जुन्या ६×३० दुर्बिणी बाजारात उतरल्या. त्यांच्यावर सरकारी मालाची बाणाची खूण असते आणि प्रत्येक डोळ्याची जुळवणी वेगळी करावी लागते. अशा काही दुर्बिणी मी नांदेड आणि हैदराबादच्या जुन्या बाजारांत हाताळल्या आहेत. धातूकाम अजून दणकट असते, पण आत बुरशीचे जाळे धरलेले असते. स्वातंत्र्यानंतर देशात प्रकाशीय काच तयार होऊ लागली, कोलकात्याच्या केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेचे त्यातले काम मोठे आहे. पण ती काच प्रामुख्याने संरक्षण आणि संशोधनाच्या कामी आली. सामान्य हौशी माणसाला आयातीच्या निर्बंधांमुळे निवडीला वावच नव्हता. मिळेल ती दुर्बीण चांगली.

माफक किंमत म्हणजे किती?

आज उलट अडचण आहे, निवड फार आणि फसवणूकही फार. मराठवाड्यातले शिक्षक, शेतकरी, महाविद्यालयीन मुले मला विचारतात, तेव्हा मी जुन्या शिकाऱ्यांच्याच कसोट्या सांगतो.

आकडा ८×४० किंवा ८×४२ घ्यावा. झोत पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे माळावरही चालते आणि किनवटच्या संध्याकाळीही. २०×५० सारखा आकडा पाहून भुलू नये. झोत अडीच मिलिमीटर आणि हात स्थिर राहणे अशक्य. पट कमीजास्त करणाऱ्या 'झूम' दुर्बिणी स्वस्तात टाळाव्यात. तांबडी चमकणारी भिंगेही टाळावीत, तो रंग गुणवत्तेचा नाही. भिंगावरचा खरा लेप अगदी फिका दिसतो. या लेपाचे महत्त्व असे : लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत अशी दहा पृष्ठे धरली तर जवळजवळ चाळीस टक्के उजेड वाटेतच जातो. झाइसमधील स्माकुला यांनी १९३५ मध्ये त्यावर लेपाचा उपाय काढला. त्याआधीच्या घराण्यातल्या दुर्बिणी संध्याकाळी अंधुक का वाटतात, त्याचे एक कारण हे.

प्रकार दोन : खांदे रुंद असलेली पोरो आणि सरळ नळ्यांची रूफ. रूफ सुटसुटीत असते, पण तिचे लोलक फार अचूक घासावे लागतात आणि त्यावर विशेष लेप लागतो. म्हणून कमी पैशांत पोरोच चांगली मिळते. आजच्या बाजारात आठ-दहा हजार रुपयांच्या आसपास नावाजलेल्या कंपनीची पोरो ८×४० आयुष्यभर पुरेल अशी असते. तेवढ्याच पैशांतली रूफ बहुधा देखणी आणि फिकी. त्याच्या खूप वर गेले की किंमत दुप्पट होते, पण दिसणे दुप्पट होत नाही.

दुकानात तीन गोष्टी कराव्यात. दुर्बीण हातभर लांब धरून डोळ्याकडच्या भिंगात पाहावे. उजेडाचे वर्तुळ पूर्ण गोल हवे, कडा चौकोनी कापलेल्या दिसल्या तर लोलकाच्या काचेत काटकसर झाली आहे. मग लांबची विजेची तार आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहावी. तारेला जांभळी-हिरवी किनार जितकी कमी तितकी काच चांगली. शेवटी पाच मिनिटे सलग पाहून दुर्बीण खाली करावी. डोळ्यांवर ताण आला किंवा क्षणभर दोन प्रतिमा दिसल्या, तर दोन्ही नळ्या समांतर नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये.

नोंदीचे काम

हे सगळे सांगण्याचे कारण नुसती हौस नाही. पैनगंगेच्या रानाला अभयारण्याचे संरक्षण मिळाले, लातूर-नांदेडच्या माळांना बहुतेक ठिकाणी ते नाही. महसुली दफ्तरात तो माळ पडीक असतो, गायरान असते, आणि पडीक म्हटले की तिथे काही नाही असे धरून चालतात. तिथे लांडगा आहे, काळवीट आहे, हिवाळ्यात भोवत्या येतात, हे सांगणारी तारीखवार नोंद बहुधा कोणाकडे नसते. जुन्या शिकाऱ्यांनी निदान मारलेल्या जनावरांचा हिशेब ठेवला होता. जिवंत जनावरांचा हिशेब आपल्याला ठेवायचा आहे.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याची. रोही आणि रानडुक्कर हरभऱ्यात, सोयाबीनमध्ये घुसतात तेव्हा त्याचा संताप खरा असतो. कळप किती, कोणत्या नाल्याने येतो, दिवसा कुठे बसतो, हे त्याने पाहून लिहून ठेवले तर पंचनाम्याच्या वेळी त्याच्या बोलण्याला वजन येते आणि वनखात्यालाही उपाय नेमका करता येतो. त्यासाठी गावात एक दुर्बीण पुरेशी आहे, ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या कपाटात.

आणि ती कोणाच्या हातात द्यायची, हा प्रश्न निघालाच, तर पारधी वस्तीवरच्या मुलांना आधी बोलवावे. कुठे पाहायचे हे त्यांच्या घरात अजून ठाऊक असलेली म्हातारी माणसे आहेत. त्यांनी बोट दाखवावे, मुलांनी दुर्बीण लावावी, आणि या वेळी नोंदवहीत दोघांचीही नावे लिहावीत.